नारायणबुवांच्या चिंतनाला जागा

भजन संपल्यापासून टाळ पिशवीत जाईपर्यंत जो अवधी जातो, तेवढ्यात एक किस्सा सहज जन्माला येतो. आमच्या देवळाली प्रवरेच्या भजनी मंडळाचे टाळ आजवर किती वेळा पिशवीत गेले असतील, याचा विचार केला म्हणजे किस्से किती साठले असतील ते ध्यानात यावे. त्यांतले निम्मे सांगता येत नाहीत, कारण त्यांतली माणसे अजून रोज माझ्या शेजारीच बसतात. उरलेल्यांपैकी हे काही, एकाच वर्षातले.

आजची तरुण मंडळी ज्याला ब्लॉग म्हणतात, तो आमच्या मंडळाने हा शब्द कानी पडण्यापूर्वीच, नव्वदचे दशक सरता सरता काढला होता. काढायला एक दुपार पुरली. कुठे काढावा, हे ठरवायला मात्र तीन महिने लागले.

*

नारायणबुवा हे आमचे वीणेकरी आणि निवृत्त प्राथमिक शिक्षक. विठ्ठलमंदिराच्या दर्शनी भिंतीवर एक फळा होता. त्यावर बुवा रोज पहाटे काकडआरती आटोपली की चार ओळींचे चिंतन लिहीत. चिंतन स्वतःचे, रोज नवे. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुढचे लिहायचे. वीस वर्षे हा नेम चालला, आणि एकही ओळ त्यांनी वहीत उतरवून ठेवली नाही.

त्या वर्षी मंदिराच्या भिंतीला पांढऱ्या चकचकीत फरशा बसल्या. फरशीला खिळा मारायचा नाही, असा पंचांचा निर्णय झाला. बुवांनी वाद घातला नाही. फळा डोक्यावर घेतला, घरी नेला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून दुसऱ्या दिवशी नित्याप्रमाणे चिंतन लिहिले. विषय होता क्रोधावर विजय.

काकूंनी पोळी लाटता लाटता ते वाचले. म्हणाल्या, "आधी हे घरात करून दाखवा. मग मी सगळ्या आळीला बोलावून वाचायला लावते."

बुवा त्याच दिवशी मंडळात येऊन बसले. वीणा भिंतीला टेकवली आणि शांतपणे म्हणाले, "मंडळी, वाचणाराच नसेल तर लिहायचं कुणासाठी? चातुर्मास संपेपर्यंत जागा मिळाली तर ठीक. नाहीतर मी खडू खाली ठेवला."

बुवांना आम्ही ओळखत होतो. चहा सोडतो असे ते अकरा वर्षांपूर्वी म्हणाले होते, तेव्हापासून घोटही घेतला नव्हता.

*

पहिली जागा गेणूआण्णाने सुचवली. गेणूआण्णा म्हणजे आमचा पखवाजी. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि जिभेला लगाम नाही. त्याचे म्हणणे, दूध संकलन केंद्रासारखी जागा शोधून सापडायची नाही. "सकाळ-संध्याकाळ सारं गाव तिथं रांगंत उभं असतंय. हलता येत न्हाई, बसता येत न्हाई. वाचल्याशिवाय जातील कुठं?"

युक्तिवाद बिनतोड होता. केंद्राच्या भिंतीवर एक मोठा फळा होताच. त्याच्या वरच्या भागात रोजचे फॅट लिहीत, आणि कुणाचे दूध परत गेले असेल तर त्याचा खाते क्रमांकही. खालचा भाग बुवांना मिळाला.

आठ दिवस उत्तम गेले. नवव्या दिवशी बुवांनी लिहिले की भक्तीत भेसळ चालत नाही. माणसे फसतील, पण तो वर बसलेला फसत नाही. नेमके त्याच सकाळी चौघांचे दूध परत गेले होते, आणि त्यांचे क्रमांक या चिंतनाच्या बरोबर वर शोभत होते.

दुपारी चौघेही मंदिरात हजर. बुवांनी समजावले, "अहो, मी भक्तीविषयी लिहिलं आहे."

"मंग भक्तीच्या खाली लिवायचं हुतं," त्यांतला थोरला म्हणाला. "आमच्या दुधाखाली कशापायी लिवलं?"

याला शास्त्रात उत्तर नाही. बुवांनी चौघांना बुक्का लावला, प्रसाद दिला आणि खडू घेऊन परत आले.

*

मग मी स्वतः पत्रकाची कल्पना मांडली. आठवड्याची सात चिंतने एका कागदावर छापावीत आणि बेलापूरच्या बाजारात वाटावीत. बाजाराला दहा गावची माणसे येतात, तेव्हा बुवांचे शब्द दहा गावी जातील, असा माझा अंदाज होता. तो खराही ठरला, पण मला अभिप्रेत होता त्या मार्गाने नव्हे.

पहिल्या आठवड्याला पत्रके तासाभरात संपली. एक शेंगदाणेवाला तर एकटाच मोठा गठ्ठा मागून घेऊन गेला. बुवा हर्षभरित होऊन मला म्हणाले, "पाहा तात्या, वरवर साधा दिसणारा माणूस, पण भूक केवढी!"

पुढच्या बाजाराला आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. त्याने बुवांना आदराने बसायला पोते दिले, शेंगदाण्याची पुडी हातात ठेवली. बुवांनी पुडी उलगडली तर आत मंगळवारचे चिंतन.

बुवा काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "कागद लई चांगला हाय तुमचा, महाराज. शाई दान्याला लागत न्हाई. म्होरला गठ्ठा कधी आनताय?"

बुवांनी शेंगदाणे संपवले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि परतीच्या एस.टी.त गाव येईपर्यंत एक शब्द काढला नाही. उतरताना म्हणाले, "दाणे खमंग होते."

*

इंटरनेटचे नाव आमच्यात आणले ते शैलाताईंनी. बाजारपेठेत खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्या एकादशीला दर्शनाला आल्या असता आमचे हे जागेचे रडगाणे त्यांच्या कानी पडले. त्या म्हणाल्या, "बुवा, इंटरनेटवर जागा मिळते. फुकट. जगात कुठूनही वाचता येतं."

आमच्या मंडळातल्या हौसाक्का, म्हणजे गावातल्या निम्म्या बाळंतपणांच्या साक्षीदार आणि सगळ्या भांडणांच्या पंच, त्यांनी डोळे बारीक केले. "फुकाट जागा हाय, अन् अजून कुनी बळकावली न्हाई?"

"संपतच नाही ती, अक्का."

"मंग गायरान असंल," अक्का म्हणाल्या. "म्होरं सरकार काढून घेतंय बघा."

तरीही पाहून यावे असे ठरले. माडीच्या दाराशी पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. आत थंड हवा, मंद प्रकाश, यंत्रावर स्वच्छ पांढरे आच्छादन, आणि मोठ्याने बोलायची मनाई. धूळ यंत्राला बाधते म्हणून ही सारी व्यवस्था, असे शैलाताईंनी सांगितले खरे, पण तोवर बुवांचे मत बनून गेले होते.

हात जोडून ते मला म्हणाले, "तात्या, चपला बाहेर काढायला लावतात. म्हणजे जागा चांगली आहे."

*

जागा देणारे एक नव्हते, तिघे होते. पहिल्याकडे नाव नोंदवायला लांबलचक फॉर्म भरावा लागे. बुवांचे एकट्याचे नाव पुरेसे होते, पण मंडळाचे काम असताना एकाचेच नाव कसे, म्हणून गेणूआण्णा, हौसाक्का आणि मी अशी आणखी तीन नावे घालायचे ठरले. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा.

शैलाताईंनी जन्मतारीख विचारली. बुवा म्हणाले, एक जून. मी म्हणालो, एक जून. गेणूआण्णाही एक जून.

त्यांनी टंकलेखन थांबवून आमच्याकडे पाहिले. "तिघंही एकाच दिवशी जन्मलात?"

"आई सांगायची, माजा जल्म पोळ्याचा," गेणूआण्णा म्हणाला. "पन मास्तरांना पोळा लिवायला रकाना नव्हता."

हौसाक्कांना तर साल विचारायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, "मोठा पूर आला तवा मी रांगत हुते. त्यावरनं काय निघतंय का बघा."

फॉर्म अर्ध्यावर राहिला. त्या दिवसापुरते चौघांचे मिळून बुवांचेच नाव लागले.

*

नाव लागले तसे पहिल्या ठिकाणी चिंतन चढवून पाहिले. संगणकाला तेव्हा आमची अक्षरे नीट येत नसत. म्हणून बुवांनी कागदावर शाईने लिहायचे आणि शैलाताईंनी त्या कागदाचेच चित्र काढून चढवायचे, अशी रीत ठरली. बुवांचे वळणदार अक्षर पडद्यावर उमटले तेव्हा आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. चिंतन संतोषावर होते. जे मिळाले ते पुष्कळ, अशा अर्थाचे.

तेवढ्यात चिंतनाच्या डोक्यावर एक लाल-पिवळी पट्टी लुकलुकू लागली.

"हे काय म्हणतं आहे?" बुवांनी विचारले.

शैलाताई ओशाळल्या. "ती जाहिरात आहे, बुवा. जागा फुकट देतात ना, म्हणून लावतात. लिहिलंय की अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलं आहे."

बुवांनी चष्मा सारखा केला. क्षणभर खाली आपल्या चार ओळींकडे पाहिले, मग वर पट्टीकडे. "नको म्हणून कळवा त्यांना."

"तसं कळवता येत नाही."

"मग स्वीकारा," बुवा जड मनाने म्हणाले, "आणि परस्पर दानपेटीत टाका."

दुसऱ्या ठिकाणी जाहिरात नव्हती, पण तिथले नियम वीस पाने होते आणि ते सगळे वाचून मान्य आहेत असे लिहून द्यावे लागे. शैलाताई म्हणाल्या, ते कोणी वाचत नाही, नुसते मान्य म्हणायचे. बुवांना हे पटेना. न वाचता शपथ घ्यायची कशी? म्हणून शैलाताई वाचून अर्थ सांगू लागल्या. तिसऱ्या पानावर गेणूआण्णाला झोप लागली, सहाव्यावर मला, आणि आठव्या पानाला शैलाताईंना जांभई आली तेव्हा बुवा उठले. "ज्याचे नियम सांगणाराच थकतो, ती जागा आपली नव्हे."

*

तिसऱ्या ठिकाणची तऱ्हाच न्यारी. तिथे म्हणे वेगवेगळ्या वसाहती होत्या, वसाहतीत गल्ल्या होत्या आणि गल्लीत रिकामे क्रमांक. आपल्याला आवडेल तो क्रमांक निवडायचा आणि तिथे पान थाटायचे.

इथवर आम्ही शैलाताई म्हणतील त्याला मान हलवत आलो होतो. प्लॉटचा विषय निघाला मात्र, आणि प्रत्येकाला वाचा फुटली.

"पूर्वेला तोंड पाहिजे," मी म्हणालो.

"काका, याला दिशा नसते."

"दिशेशिवाय जागा असेल कशी? मग निदान कोपऱ्याचा नको."

गेणूआण्णाला पाण्याची चिंता. "उताराला न्हाई ना? पावसाळ्यात सगळ्यांचं सांडपानी आपल्यात यायचं."

हौसाक्कांनी मुळावरच बोट ठेवले. "शेजार कुनाचा हाय, ते आदी बघा. जागा कशी का असंना, शेजार वाईट लागला की भजन बंद."

शैलाताईंनी हार मानली आणि डावीकडचा क्रमांक उघडून दाखवला. कुणा गोऱ्या बाईने आपल्या सात मांजरांची छायाचित्रे लावली होती. उजवीकडे एका गृहस्थाने जुन्या आगगाड्यांच्या इंजिनांची.

अक्कांनी सातही मांजरे एकेक करून तपासली. "बाई एकटी दिसती. पन जीव लावनारी हाय. चालंल."

या जागेचे आणखी एक वैशिष्ट्य निघाले. ती फार लहान होती. बुवांच्या अक्षराचे एक चित्र चढवले की जागा भरे. नवे चढवायचे तर जुने काढून टाकावे लागे. ही मोठीच अडचण, असे शैलाताई सांगत होत्या आणि इकडे बुवांचा चेहरा उजळत चालला होता.

"म्हणजे रोज पुसायचं आणि रोज लिहायचं?"

"हो बुवा. कालचं राहणार नाही."

"हीच जागा घ्या," बुवा म्हणाले. "बाकीच्या दोघांना लिहिण्यातलं काही कळत नाही."

*

पान सुरू झाले. तळाशी शैलाताईंनी एक आकडा बसवला. कुणी पान उघडले की तो एकाने वाढे. बुवा माडीचा जिना फारसा चढत नसत. गेणूआण्णा सकाळी दुधाला जाताना त्यांचा कागद पोहोचवी, आणि सायंकाळच्या भजनाआधी बुवा आकडा विचारीत. पहिल्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी नव्वद. पंधरवड्यात आकडा दोन हजारांपलीकडे गेला.

बुवांमध्ये पालट झाला. धोतराला इस्त्री आली. बोलण्यात "आपला वाचकवर्ग" हा शब्द आला. एकदा अभंग चालू असता मध्येच थांबून त्यांनी मला विचारले, "तात्या, दोन हजार माणूस आपल्या मंडपात मावेल का हो?"

आता मूळ प्रकार सांगतो. पहिल्याच दिवशी पडद्यावरच्या चिंतनाला नमस्कार करून हौसाक्कांनी शैलाताईंना विचारले होते, "दर्शन झालं. आता प्रदक्षिणा कुठनं घालायची?" शैलाताई दुसऱ्या कामात होत्या. पान पुन्हा उघडायचे असेल असे समजून त्यांनी वरचे एक बटण दाखवले. त्या बटणावर गोल फिरणारा बाण काढलेला होता. यापुढे आणखी पुरावा तो कोणता हवा?

तेव्हापासून मंडळातले सगळेजण रोज जाऊन अकरा प्रदक्षिणा घालू लागले. गेणूआण्णाची म्हैस व्यायला झाली होती, त्याने एकशे आठ बोलल्या होत्या. मीही एकवीस घालत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकेका प्रदक्षिणेला यंत्र मिनिटभर कण्हत असे. पण लवकर आटपते ती प्रदक्षिणा कसली?

एका दुपारी बुवा न सांगता माडीवर आले. त्यांना वाचकवर्ग पाहायचा होता. यंत्रापुढे आम्ही पाचजण रांगेत उभे, आणि खुर्चीवर हौसाक्का डोळे मिटून, ओठांत नाम घेत, बटण दाबत बसलेल्या.

बुवांनी हळूच विचारले, "अक्का, वाचताय का?"

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. "वाचायचं कशाला? प्रदक्षिणा डोळं मिटूनच घालायच्या असत्यात. मधी बोलू नका, सातवी चालू हाय."

बुवांनी रांगेकडे पाहिले, आकड्याकडे पाहिले. चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणूआण्णा बुवांच्या दारी गेला तर कागद नाही. बुवांनी काकूंकडून निरोप दिला, पडसे झाले आहे. पडसे झालेला माणूस अंगणात बसून तुळशीला पाणी घालत होता, हे गेणूआण्णाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. इकडे शैलाताईंनी रोजच्या शिरस्त्याप्रमाणे कालचे चित्र काढून टाकले होते आणि आजचे आलेच नव्हते. पान दिवसभर कोरे राहिले. आम्ही सारे वरमून बसलो. सायंकाळी वीणा बुवांनी घेतली, पण सूर लागला नाही. चातुर्मास संपायला चार दिवस उरले होते. त्यांनी खडू खाली ठेवला, हे कुणी बोलून दाखवत नव्हते एवढेच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी, शैलाताई स्वतः मंदिरात आल्या. हातात छापलेला एक कागद होता. म्हणाल्या, "बुवा, तुमच्या पानावरून पत्र आलं आहे. आपल्या इथलं नव्हे. कॅनडाहून."

पत्र मराठी होते, लिपी इंग्रजी. शैलाताईंनी वाचून दाखवले. बाईंचे माहेर श्रीगोंद्याकडचे, काष्टीचे. परदेशी जाऊन नऊ वर्षे झाली. महिन्याभरापूर्वी हे पान अवचित सापडले. तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन आधी बुवांचे चिंतन वाचतात, मग कामावर जातात. शेवटी लिहिले होते, "काल पान रिकामे दिसले. दिवसभर चैन पडले नाही. बुवांची प्रकृती बरी आहे ना? काल काहीच का लिहिले नाही, तेवढे कृपा करून कळवावे."

बुवांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "परत वाचा." शैलाताईंनी परत वाचले. "चहाचं ते, तेवढं एकदा." तेही वाचून झाले.

हौसाक्कांना राहवेना. "बुवा, ती लेक तिकडं वाट बघत आसंल. काय कळवायचं तिला?"

बुवांनी गाभाऱ्याकडे एकदा पाहिले. विटेवरची मूर्ती कमरेवर हात ठेवून नेहमीसारखीच उभी होती.

"लिहा," ते शैलाताईंना म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. काल देवालाच काही सुचलं नाही."